सुयांची पोच

पाइनच्या झाडाला बोलता येत नाही हे फार बरं आहे, असं ताईचं मत होतं. बोलता आलं असतं तर त्यानेही माणसांसारखी गोल गोल उत्तरं दिली असती. ते बिचारं मुकाट उभं राहतं, आणि त्याच्या सुयांवर जो मेणाचा पातळ थर असतो तो हवेतून येईल ते धरून ठेवतो. कारखाने बंद पडतात, मालक हात वर करतात, धूर निघून जातो. पण काही रसायनं इतकी चिवट असतात की ती कुजत नाहीत, विरत नाहीत, पावसाने धुऊन जात नाहीत. वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातात आणि एखाद्या सुईवर मुक्काम ठोकतात. अशा सुया किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत ठिकठिकाणी तोडून आणायच्या, त्यांचं मेण सोडवून यंत्रात घालायचं आणि कोणत्या मुलखात काय पडलंय याचा नकाशा काढायचा, हे ताईच्या प्रयोगशाळेचं काम.

तिथे सगळे तिला ताईच म्हणायचे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. पाठीमागे मात्र तिचं नाव ‘चाळणी’ होतं, कारण तिच्या हातून काही तसंच सुटायचं नाही. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडायचंही.

त्या सकाळी यंत्राने डोंगराकडच्या सुयांचे आलेख काढून दिले आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली.

ती ज्या रसायनाच्या मागावर होती ते एकटं नसतं, त्याचं अख्खं कुटुंब असतं. काही भावंडं हलकी, काही जड. हलकी उडत उडत लांब पोचतात, जड असतात ती उगमाजवळच बसकण मारतात. म्हणजे डोंगरावर हलकी जास्त सापडायला हवीत आणि जड जवळजवळ नाहीत. इथे मात्र डोंगर, दरी, धरणाचा काठ, सगळीकडे तेच प्रमाण, आणि जड मंडळी सगळीकडे पाय पसरून बसलेली. शेवटच्या बाकावरच्या मुलांनी एकमेकांचं बघून उत्तरं लिहावीत, अगदी चुकांसकट, तसं ते दिसत होतं. इतक्या लांब लांबची झाडं एकमेकांचं बघून लिहीत नाहीत. मग या सगळ्या सुया एकाच झाडाच्या तर नाहीत ना?

आणि त्या आणल्या होत्या तिच्या धाकट्या भावाने.

धाकटा हे प्रकरण ताईला जन्मापासून पाठ होतं. शाळेला म्हणून निघायचा आणि दप्तर झुडपात टाकून नदीवर जायचा. संध्याकाळी आई विचारायची, आज काय शिकवलं, तर इतकं तपशीलवार सांगायचा की आईला कौतुक वाटायचं. ताई दप्तराला चिकटलेली काटेरी बोंडं शोधून काढायची. मोठेपणी त्याने बऱ्याच नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. मग लग्न झालं, मुलगी झाली, आणि ताईने साहेबांकडे शब्द टाकला. झाडावर चढायला, गाडी हाकायला आणि एकट्याने रानात हिंडायला न घाबरणारा माणूस साहेबांना हवाच होता. "तुमच्या शब्दावर घेतो," साहेब म्हणाले होते. ताईचा शब्द म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. तो तिने आजवर कोणासाठी टाकलेला नव्हता.

दुपारी धाकटा पुढची खेप घेऊन आला. खेप म्हणजे फॉइलच्या पाकिटांनी भरलेली थंड पेटी. प्रयोगशाळेच्या भट्टीत तापवून शुद्ध केलेली अॅल्युमिनियमची फॉइल, तिच्यात सुया गुंडाळायच्या. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक पाकीट नुसतं उघडून झाडाखाली ठेवायचं आणि रिकामंच बंद करून आणायचं. रिकामं पाकीटही तपासायचं असा नियम होता, पण त्यात कधी काही सापडत नसे, म्हणून ती पाकिटं कपाटात मागे पडत आणि वेळ मिळाला तर तपासली जात.

"रस्ता कसा होता?" ताईने खडा टाकून पाहिला.

"रस्त्यासारखा."

"वर थंडी?"

"होती की. डोंगर आहे तो ताई, स्वयंपाकघर नाही."

"झाड कसं होतं?"

"उभं होतं," धाकटा म्हणाला, आणि शेजारच्या टेबलावरची दोघं फिसकन हसली.

ताई हसली नाही. ती त्याच्या बुटांकडे बघत होती. डोंगर चढून-उतरून आलेल्या माणसाचे बूट, आणि टाचेच्या खाचेतही मातीचा कण नाही!

"बूट नवे घेतलेस?"

"छे, जुनेच. का गं?"

"काही नाही."

ताईचं ‘काही नाही’ म्हणजे बरंच काही, हे धाकट्याला कळायला हवं होतं. पण तो आपल्याच तंद्रीत होता. त्याने हात पुढे केला. "बाईसाहेब, पोच."

हा त्या दोघांचा रोजचा खेळ. पाकीट हातातून हातात गेलं की देणाऱ्याने पोच घ्यायची. काय दिलं, कुठून आलं, कोणी दिलं, कोणी घेतलं, आणि शेवटी स्थिती. ताई पोच लिहायची आणि धाकटा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "सख्खी बहीण, पण लिहून घेतल्याशिवाय माझा भरवसा नाही हो!" स्थितीच्या जागी बहुतेक वेळा ‘ठीक’ असायचं. एकदा एक पाकीट ओलं झालं होतं. धाकट्याने किती विनवलं, ठीक लिही ना, काय फरक पडतो. ताईने ‘ओलं’ लिहिलं आणि ती अख्खी फेरी त्याला पुन्हा करावी लागली. नंतर बरेच दिवस तो तिच्याशी मोजकंच बोलत होता.

आज तिने प्रत्येक पाकीट उलटसुलट करून पाहिलं. सगळी ठीक होती. तिने तसंच लिहिलं.

सुट्टीच्या दिवशी ताई भावाकडे गेली. निमित्त होतं गुंडीला लोकरीची लाल टोपी द्यायचं. गुंडी म्हणजे धाकट्याची मुलगी, नुकती रांगायला लागलेली. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढं नाक होतं तिचं, म्हणून हे नाव पडलं.

वस्ती गावाच्या कडेला, जुन्या गोदामांच्या ओळीत. कामं बंद पडल्यावर मालकाने त्या शेडमध्ये भिंती घालून घरं काढली होती. धाकट्याच्या वाट्याला आलेलं घर ऐसपैस, उंच छपराचं. दर्शनी भिंतीवर चुन्याखालून कुठल्याशा जुन्या पाटीची अक्षरं डोकावत होती, ती ताईने पाहिली, पण वाचली नाहीत. तिचं लक्ष फाटकाजवळच्या झाडाकडे होतं.

पाइनचं झाड. आणि त्याच्या खालच्या फांद्यांची टोकं नुकतीच कापलेली, कात्रीने, तिरकी, अगदी प्रयोगशाळेत शिकवतात तशी.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला वाटतच होतं. पण ते इतक्या उघड्यावर मुरत असेल असं वाटलं नव्हतं. तिने इकडे तिकडे पाहिलं, एक लहान डहाळी मोडली, पर्समधल्या स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळली आणि मग दार वाजवलं.

"अगंबाई, ताई!" भावजयीने दार उघडलं. "आधी सांगितलं असतं तर काहीतरी करून ठेवलं असतं. या ना. चपला बाहेरच काढा हं."

आत धाकटा जमिनीवर मांडी ठोकून बसला होता. फुलाफुलांच्या प्लॅस्टिकच्या आच्छादनावर प्रयोगशाळेच्या फॉइलची गुंडाळी उलगडलेली, आणि तो मापाने चौकोन कापून एकावर एक रचत होता. शेजारी गुंडी. तिच्या तोंडात फॉइलचा एक तुकडा आणि चेहऱ्यावर तो कोणालाही न देण्याचा निश्चय.

"हे घरी का करतोस?" ताईने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"वर वारा असतो गं. गुंडाळी सोडली की फडफडते, फाटते. बोटं गारठलेली असतात. आणि भांडारवाला येतो उशिरा, मला निघायचं असतं पहाटे. म्हणून घरून तयार करून नेतो." तो स्वतःवर खूश होता. "पाकिटं बघितलीस ना, कशी एकसारखी असतात?"

एकसारखी तर असतातच, ताई मनात म्हणाली. पाकिटं घरी तयार, झाड फाटकात तयार. डोंगरावर जायचं कशाला?

भावजयीने गुंडीला उचलून ताईकडे दिलं. पोर गुबगुबीत होतं, पण गालांवर आणि कानांमागे बारीक पुरळ उठलेलं. "दात येतायत बहुतेक," भावजय म्हणाली. "जातच नाहीये कितीतरी दिवस." ताईने हं म्हटलं, टोपी घातली, पापा घेतला. भाचीच्या पुरळाकडे तिने पाहिलं आणि पाहिलं नाही. तिच्या पर्समध्ये डहाळी होती, आणि सगळं मन त्या डहाळीपाशी.

यंत्राने निकाल दिला तेव्हा ताईला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. फाटकातल्या झाडाचा आलेख तिने डोंगराच्या आलेखावर ठेवून उजेडात धरला. एकाच घरातल्या माणसांचं नाक सारखं असावं तशी दोन्हींची ठेवण सारखी. तिला रडू आलं. रागाने आलं, हे तिने स्वतःला बजावून सांगितलं.

ती साहेबांकडे गेली. त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं.

साहेबांनी धाकट्याला बोलावलं. ताई खिडकीशी उभी राहिली.

"डोंगरावर गेला होतात?"

"म्हणजे काय! गेलो होतो."

"कोणी पाहिलं?"

"तिथे कोण बघणार साहेब? माणसं नाहीत म्हणून तर तिथली सुई हवी असते ना तुम्हाला."

"फाटकातल्या झाडाच्या फांद्या का कापल्या आहेत?"

"कात्रीला धार लावून आणली होती, ती बघायला." हे बोलताना त्यालाच ते खोटं वाटलं असावं, कारण तो मध्येच थांबला. "पण तुम्हाला काय माहीत माझ्या फाटकात झाड आहे ते?"

साहेबांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. धाकट्याला आलेख वाचता येत नव्हता, पण खाली लिहिलेली ठिकाणं वाचता येत होती. त्याने वाचलं. मग मान वर करून ताईकडे पाहिलं.

"तू टोपी द्यायला आली होतीस ना?"

साहेब खाकरले. "ताईंच्या शब्दावर घेतलं होतं," ते म्हणाले, "ताईंच्या शब्दावरच थांबवतोय. उद्यापासून येऊ नका."

धाकट्याने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. कात्री ठेवली. हातमोजे ठेवले, एकावर एक, नीट. आणि पहिल्यांदाच कशाचीही पोच न मागता तो निघून गेला.

त्यानंतर प्रयोगशाळेत ताईशी सगळे जरा जपून बोलू लागले. सख्ख्या भावाला पकडणारी बाई, कौतुक करावं की लांब राहावं ते कोणाला कळेना. घरी तिला जेवण जाईना. आपण बरोबर केलं, हे ती दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगत होती, आणि जी गोष्ट इतक्यांदा सांगावी लागते तिच्याबद्दल एरवी तिने नक्कीच शंका घेतली असती.

आठवडाभराने साहेब म्हणाले, "ते डोंगराचं प्रकरण बंद करायचंय. रिकामी पाकिटं राहिली आहेत का? तेवढी उरकून टाका."

ताईने ती उरकायला घेतली. पहिलं पाकीट यंत्राला दिलं आणि ती चहा करायला उठली. परत आली तर पडद्यावरची रेघ सपाट नव्हती. ती डोंगर काढत होती. तीच हलकी, तीच जड, तीच ठेवण.

यंत्रच घाण झालंय, तिने ठरवलं. नुसता शुद्ध द्रव चालवून पाहिला. रेघ सपाट. दुसरं रिकामं पाकीट दिलं. पुन्हा तेच.

पहिला विचार मनात आला तो तिच्या सवयीचाच. हेही त्याने फाटकाजवळच उघडलं असणार! पण हा विचार फार टिकला नाही. पाकीट कुठेही उघडलं तरी नुसती हवा दाखवून त्यात एवढं येत नाही. एवढं यायला ते पाकीट त्या रसायनावर लोळवावं लागतं. आणि रिकाम्या पाकिटात सुईच नाही. जिथे सुई नाही तिथे खोटी सुई कुठून असणार?

तिने कागद ओढला. डोंगराच्या सुयांच्या आकड्यांमधून रिकाम्या पाकिटाचे आकडे वजा केले. जड मंडळी सगळी गळून पडली. उरली ती हलकी, थोडीशी, लांबून उडत आलेली, डोंगरावर असावीत तशी आणि तेवढी. धरणाच्या काठचं वजा केलं. तिथेही जसं हवं तसंच उरलं.

धाकटा प्रत्येक ठिकाणी गेला होता. थंडीत, वाऱ्यात, एकटा, प्रत्येक झाडावर चढला होता.

ताई स्टुलावर बसली. भट्टीतून निघालेली फॉइल शुद्ध होती, ते तिने गुंडाळीचा उरलेला तुकडा तपासून लगेच पाहिलं. म्हणजे प्रयोगशाळा आणि डोंगर यांच्यामध्ये कुठेतरी ही घाण लागली. मध्ये काय होतं? मध्ये होती फुलाफुलांच्या आच्छादनाची जमीन. आणि मग तिला ती भिंतीवरची अक्षरं दिसली, चुन्याखालून डोकावणारी, जी तिने पाहूनही वाचली नव्हती. ट्रान्सफॉर्मर दुरुस्ती. हे रसायन पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात भरभरून घालत. वर्षानुवर्षं ते त्या जमिनीवर सांडलं असणार, मुरलं असणार. वरून आच्छादन टाकलं म्हणून ते काय जाणार होतं! घर ऊबदार झालं की ते वर येत होतं, फॉइलला लागत होतं, खिडकीतून बाहेर पडून फाटकातल्या झाडावर बसत होतं.

आणि त्या जमिनीवर गुंडी रांगत होती. दिवसभर. हात तोंडात घालत.

ताईने धाकट्याला फोन लावला. त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. मग पर्स उचलून ती तशीच निघाली, अंगावरचा प्रयोगशाळेचा कोट काढायचंही तिला सुचलं नाही.

पायरीवर धाकट्याचे बूट वाळत ठेवलेले होते, धुऊन, शेजारी ब्रश आणि बादली. ताईने दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं, पण साखळीइतकंच. फटीतून धाकट्याचा एक डोळा दिसला.

"फांदी हवी असेल तर फाटकापाशी आहे," तो म्हणाला. "आत यायची गरज नाही."

"चुकलं माझं. तू डोंगरावर गेला होतास."

"मला माहीत आहे. मीच गेलो होतो."

"ऐक ना. फॉइल तू इथे जमिनीवर कापायचास..."

"म्हणजे आता तो गुन्हा."

"गुन्हा नाही रे! जमिनीतच आहे ते. इथे पूर्वी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त व्हायचे, भिंतीवर लिहिलंय बघ. त्यांचं तेल मुरलंय खाली. तेच फॉइलला लागलं, तेच झाडावर चढलं. मी झाड आणि पाकीट जुळवत बसले, आणि दोन्हींच्या मध्ये तुझं घर आहे हे मला दिसलं नाही. बाहेर पडा तुम्ही सगळे. माझ्याकडे चला. आत्ता."

फटीतला डोळा हलला नाही. "परवा मी खोटा होतो. आज घर खोटं निघालं. उद्या काय निघेल?"

"गुंडी कुठेय?"

"जमिनीवर खेळतेय," आतून भावजयीचा आवाज आला, दुखावलेला. "पण जमीन स्वच्छ असते हो ताई माझी. दोनदा पुसते. यांचे बूटसुद्धा फेरीहून आल्या आल्या घासून धुतल्याशिवाय दारात ठेवू देत नाही मी. रांगतं पोर आहे, बाहेरची माती नको म्हणून."

ताईने ओल्या बुटांकडे पाहिलं. इतके दिवस ज्या बुटांवर तिने खटला उभा केला होता, ते कोणी आणि कशासाठी धुतले ते तिला आता कळत होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"गुंडीचं पुरळ दातांचं नसेल," ती म्हणाली. "तिला आधी द्या माझ्याकडे. डॉक्टरांना दाखवू. रक्त तपासावं लागेल तिचं."

हे ती बोलली नसती तर बरं झालं असतं. धाकट्याचा आवाज एकदम चढला.

"मागच्या वेळी टोपी आणलीस आणि फांदी नेलीस. आता आत्या म्हणून आलीस आणि पोरीचं रक्त नेणार! झाडं संपली का तुझी?"

दार धाडकन लागलं.

ताई पायरीवर उभी राहिली. त्याचं काय चुकलं? तिनेच त्याला शिकवलं होतं की ती प्रेमाने घरात येते तेव्हासुद्धा पर्समध्ये फॉइल असते. आतून कुजबुज ऐकू येत होती, भावजयीची घाबरी, धाकट्याची चिडकी. गुंडी कशावर तरी काहीतरी आपटत होती, ठक ठक ठक, त्या जमिनीवर. ताईला वाटलं, दार फोडावं. ओरडून वस्ती गोळा करावी. पण तिने तसं केलं तर तो आणखी घट्ट बंद होईल, तेवढा तिला भाऊ ठाऊक होता.

दार पुन्हा उघडलं. साखळी होतीच.

"पोच दे," धाकटा म्हणाला.

"काय?"

"तुझाच नियम ना? काही न्यायचं असेल तर आधी पोच. लिहून दे. मग बघू."

तो चेष्टा करत नव्हता. ताईने पर्स उघडली. पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिथे कायमच असायच्या. तिने एक घेतली, भिंतीला टेकवून धरली आणि लिहिलं. चिठ्ठी फटीतून आत दिली.

धाकट्याने मोठ्याने वाचली. "काय दिलं, गुंडी. कुठून, भावाच्या घरून. कोणी दिली, तिच्या आईबापाने. कोणी घेतली, आत्याने." तो थांबला. "स्थिती लिहिली नाहीस."

"नाही."

"ठीक लिही ना. नेहमी लिहितेस."

"ठीक असेल तर लिहिते."

"मग काय लिहिणार?"

"मला माहीत नाही रे," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "तपासल्याशिवाय मला माहीत नाही. ठीक असेलही. देवाशपथ, मला ठीक लिहायचंय. पण मी नाही लिहू शकत."

फटीपलीकडे धाकटा चिठ्ठीकडे बघत होता. ओल्या पाकिटावर जिने भावासाठी ठीक लिहिलं नाही, ती आज त्याला गोड बोलून दार उघडून घेऊ शकली असती. तिने तेही केलं नव्हतं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि त्याखाली जे होतं ते दिसू लागलं. ती निव्वळ भीती होती.

साखळी निघाली.

"चल गं," तो आत वळून म्हणाला. "उचल तिला."

"कपडे भरू का थोडे?" भावजयीने विचारलं.

"काही नको आतलं," ताई म्हणाली. "अंगावरचेही माझ्याकडे गेल्यावर बदलायचे."

"बूट?" धाकट्याने विचारलं.

"बूटही नको."

"टोपी? तूच दिलेली."

गुंडीच्या डोक्यावर ती लाल टोपी होती. "टोपीही," ताई म्हणाली. भावजयीने ती काढून ओल्या बुटांवर ठेवली. ताईने कोट उतरवला, त्यात गुंडीला गुंडाळलं आणि उराशी धरलं. गुंडीने लगेच कोटाचं बटण तोंडात घातलं.

चौघं फाटकातून बाहेर पडली. धाकटा अनवाणी चालत होता आणि ताईशी एक शब्दही बोलत नव्हता. पोच मात्र त्याने मुठीत धरून ठेवली होती. मोठा रस्ता येईपर्यंत त्याने ती पुन्हा पुन्हा उघडून पाहिली, त्या रिकाम्या जागेत ताईने काही लिहिलंय का, म्हणून.